नॉर्वेच्या मदतीचा हिशोब: केरळच्या किनाऱ्यापासूनची पार्श्वभूमी

श्रीमंत देश परदेशात जी विकास मदत देतात तिचा दर काही वर्षांनी आढावा घेतला जातो, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची डॅक नावाची कमिटी आहे ती घेते, आणि नॉर्वेची पाळी आली की बातमी ठरलेली असते, जेमतेम पंचावन्न लाखांचा देश आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास रक्कम बाहेर देतो. युनोने १९७० मध्ये ०.७ टक्क्यांचं टार्गेट ठेवलं होतं, बहुतेक देशांना ते आजही जमलेलं नाही आणि नॉर्वेने सत्तरच्या दशकातच गाठलं, तेव्हा कौतुक व्हायलाच पाहिजे. पण किती दिले हे कळलं म्हणजे कुणाच्या हातात पडले हे कळत नाही, आणि नॉर्वेला हा दुसरा प्रश्न पहिल्यांदा भिडला तो आपल्याच देशात, केरळमध्ये.

१९५२ साली नॉर्वे श्रीमंत वगैरे नव्हता. समुद्रात तेल सापडायला अजून १७ वर्षं होती, युद्धात देशाचं बरंच नुकसान झालेलं आणि स्वतःच अमेरिकेची मार्शल प्लॅनची, म्हणजे युद्धानंतर युरोप उभा करायची, मदत घेणं चालू होतं. त्यात १९४९ ला नाटोत गेल्यामुळे सत्ताधारी लेबर पार्टीतली डावी मंडळी नाराज होती, शस्त्रांवर एवढा खर्च करताय तर शांततेसाठी काय करताय असं विचारत होती, आणि त्या सगळ्यातून संसदेने गरीब देशांच्या मदतीसाठी एक फंड काढला, त्यात एक कोटी क्रोनर (नॉर्वेचं चलन) टाकले, लोकांकडूनही वर्गणी मागितली. म्हणजे चांगली भावना होतीच, पण घरचं राजकारण सांभाळायची गरजही होती. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि युनो असा तिघांचा मदतीचा करार झाला.

मासेमारी हे नॉर्वेचं हातखंडा काम, म्हणून कोल्लमजवळची नींदकरा, शक्तिकुलंगरा ही कोळ्यांची गावं निवडली, तेव्हा तो भाग त्रावणकोर-कोचीन राज्यात होता. प्लॅन साधा होता, होड्यांना इंजिन लावायचं, नायलॉनची जाळी आणायची, बर्फाचा कारखाना, दवाखाना, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, आणि त्यातून गावाचं राहणीमान वर येईल. इंजिनाचं गणित पहिल्याच फटक्यात फसलं, कारण तिथल्या पारंपरिक होड्या लाटा फुटतात त्या वाळूवरून थेट पाण्यात ढकलायच्या आणि परत वर ओढायच्या अशा घडणीच्या, त्यांना इंजिन काही मानवेना. मग नवीन डिझाइनच्या साधारण २५ फुटी बोटी बांधायला घेतल्या, त्यांना बंदर लागतं, बंदर खाडीच्या तोंडाशी, आणि ज्यांची घरं तिथून लांब त्यांच्या हातून ती बोट तिथेच निसटली.

याच सुमारास कोचीनहून अमेरिकेला गोठवलेली कोळंबी जायला लागली होती, खाजगी व्यापाऱ्यांनी सुरू केलेली, आणि साठच्या दशकात तिला असा भाव आला की प्रोजेक्टचा सगळा रोखच बदलला. स्थानिक लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून आलेल्या बोटी ट्रॉलर होऊन, म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं ओढत, कोळंबीच्या मागे लागल्या. शक्तिकुलंगरातल्या काही ख्रिश्चन कुटुंबांनी संधी बरोब्बर ओळखली आणि ती खरंच वर आली, हे नाकारता येत नाही. शेजारच्या पुत्तनतुरातले हिंदू अरय कोळी मात्र मागे राहिले. आर्ने मार्टिन क्लाउसेन या नॉर्वेच्या मानवशास्त्रज्ञाने साठच्या दशकात हे जवळून बघून लिहिलं, नंतर नॉर्वेचेच शांतता-अभ्यासक योहान गाल्टुंग यांनीही त्यावर कडक टीका केली. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की हे प्रश्न स्वतंत्र अभ्यासकांनी लावून धरले, पैसे देणाऱ्या खात्याने नाही, खात्याच्या हिशोबात बोटी किती वाढल्या, मासळी किती आली हे छान दिसतच होतं.

प्रोजेक्ट पुढे एर्नाकुलमला गेला, कारवारपर्यंत पसरला, आणि १९७२ मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आला. पण ट्रॉलर थांबले नाहीत, ते खाजगी भांडवलावर वाढतच गेले, पारंपरिक मच्छीमारांची मासळी कमी झाली, ऐंशीच्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर मोर्चे, उपोषणं झाली आणि १९८८ ला पावसाळ्यात ट्रॉलरबंदी आली. याचा सगळा दोष नॉर्वेवर टाकणं चूक ठरेल, सरकारी धोरण आणि निर्यातीचा पैसा हेही तितकेच कारणीभूत. गोव्यातल्या रापणकारांचं (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्यांचं) ट्रॉलरविरोधी आंदोलन ज्यांना माहीत आहे त्यांना ही भांडणं वेगळी सांगायला नकोत.

तिकडे १९६८ मध्ये नोराड ही नॉर्वेची मदत संस्था उभी राहिली, तेलाचा पैसा यायला लागला, आणि केरळातून जे शिकायचं ते बहुतेक राहूनच गेलं. केनियात तुर्काना तलावाच्या काठी, कलोकोलला, मासे गोठवायचा कारखाना बांधला. तुर्काना लोक मूळचे गुरंढोरं पाळणारे, भाग रणरणत्या उन्हाचा, तिथे मासा गोठवायला जेवढा खर्च येत होता तेवढी त्या माशाला किंमतच नव्हती, त्यात दुष्काळाने तलावाचा तिथला भाग आटला आणि कारखाना पडून राहिला.

जहाजांची गोष्ट मला त्याहून जास्त खटकते. जहाजबांधणीत मंदी आली म्हणून १९७६ ते १९८० मध्ये नॉर्वेने कर्ज देऊन विकसनशील देशांना जहाजं विकली, २१ देशांना मिळून दीडशेच्या वर, नाव विकासाचं आणि वाचवायचे होते स्वतःचे शिपयार्ड. नंतर मूल्यमापन झालं तेव्हा निघालं की त्या देशांची गरज आणि जोखीम नीट तपासलीच नव्हती. स्वयंसेवी संघटनांनी विषय वर्षानुवर्षं लावून धरला आणि २००६ मध्ये नॉर्वेने इजिप्त, इक्वेडोर, पेरू, जमैका, सिएरा लिओन या पाच देशांचं उरलेलं कर्ज माफ केलं, कर्ज देणारा म्हणून आपलीही जबाबदारी होती हे उघड मान्य केलं, आणि ती रक्कम मदतीच्या आकड्यात धरली नाही. मूल्यमापनाचा असा खराखुरा उपयोग फार क्वचित होतो, म्हणून हे आवर्जून सांगतोय.

मदत कशी तपासायची याचे निकष डॅकने १९९१ मध्ये ठरवले, काम गरजेचं होतं का, उद्दिष्ट गाठलं का, खर्च योग्य झाला का, परिणाम काय झाला, आणि पैसे थांबल्यावर ते टिकलं का. २०१९ मध्ये सहावा निकष आला, देशाच्या बाकीच्या धोरणांशी आणि इतरांच्या कामाशी मेळ बसतो का, आणि तेल-गॅस विकून ॲमेझॉनचं जंगल वाचवायला पैसे देणाऱ्या नॉर्वेला तो चांगलाच अडचणीचा आहे. नॉर्वेच्या मदत यंत्रणेच्या २००४ च्या फेररचनेत बराचसा पैसा परराष्ट्र खातं आणि दूतावासांकडे गेला, नोराडकडे मुख्यतः सल्ला आणि मूल्यमापन उरलं. भारताने तर २००३ मध्येच छोट्या देशांची सरकारी मदत घेणं बंद केलं होतं, तरी २००६ पासून बिहार, ओडिशासारख्या राज्यांत बालआरोग्याच्या कामात नॉर्वे भागीदार म्हणून आला.

डॅकच्या वतीने आढावा घेणारेही दुसरे दोन देणारे देशच असतात, घेणारा देश परीक्षकाच्या खुर्चीत नसतो, हे रिपोर्ट वाचताना ध्यानात ठेवावं. आणि निर्वासितांवर आपल्याच देशात पहिल्या वर्षी केलेला खर्चही नियमाप्रमाणे मदतीत धरता येतो, सीरिया आणि युक्रेनच्या लोंढ्यांच्या वेळी तो चांगलाच फुगला, त्यामुळे एक टक्का वाचला की त्यातलं नॉर्वेच्या बाहेर किती गेलं तो कॉलम आधी शोधावा.