घरगुती सुतारकाम

घरच्या जागेत, मोजक्या हत्यारांनी आणि बहुधा स्वतःच्याच वापरासाठी केलेले लाकूडकाम. पाट, चौरंग, देव्हारा, मांडणी, पुस्तकांचे कपाट येथपासून चिपळ्या, एकतारी अशा वाद्यांपर्यंत त्याची व्याप्ती आहे. घरी केलेल्या वस्तूंमध्ये पाटाला फट पडते, फळी चिरते, ड्रॉवर अडकतो, एकतारीची खुंटी घसरते. हे दोष वेगवेगळे दिसले तरी त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते, आणि आखणी करताना ते धरलेले नसते.

लाकूड किती हलते : लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, बदल होतो तो रुंदीत. वाढवलयांच्या दिशेने ते सर्वांत जास्त आकसते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे. सागवान पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत पहिल्या दिशेत सुमारे ५ ते ६ टक्के आणि दुसऱ्या दिशेत सुमारे अडीच टक्के आकसते. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास असताना लाकडात ६ टक्के ओलावा टिकतो. कोकणातल्या पावसाळी ८५ टक्क्यांत तो १७ टक्क्यांवर जातो. या फरकाने ३० सेंमी रुंदीची, वलयांच्या दिशेने कापलेली सागवानी फळी सहा मिलिमीटरांहून अधिक, म्हणजे सुताराच्या भाषेत चांगली दोन सूत वाढते (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). पॉलिश केलेल्या, घरात ठेवलेल्या वस्तूत हा बदल हळूहळू होतो आणि बराच कमी राहतो. शून्यावर मात्र कोणतेही पॉलिश तो आणू शकत नाही. सागवान हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. आंब्याचे स्वस्त लाकूड जास्त हलते, शिवाय त्याला भुंगा लवकर लागतो.

खरेदी : वखारीत लाकूड घनफुटावर मिळते. फुटांतली लांबी, इंचांतली रुंदी आणि इंचांतली जाडी यांचा गुणाकार करून १४४ ने भागले की घनफूट निघतात. ६ फूट लांब, १० इंच रुंद, १ इंच जाड फळी ०.४२ घनफूट भरते. रंधून झाल्यावर एक इंच फळीची जाडी पाऊण इंचाच्या थोडी वर उरते, म्हणून वस्तूचे माप काढताना तयार जाडी धरावी. सागवानाचा कडेचा फिकट पट्टा टाळावा. वाळवी आणि भुंगा दोघांनाही तोच आधी आवडतो. पाडलेल्या वाड्यांची जुनी तुळई किंवा चौकटी मिळाल्या तर घरगुती कामाला त्यांच्याइतके उत्तम लाकूड नाही, कारण ते कित्येक दशके वाळलेले असते. फक्त करवत लावण्याआधी चुंबक फिरवून आत मोडलेले खिळे शोधावेत.

नवे लाकूड सावलीत, फळ्यांमध्ये समान जाडीच्या पट्ट्या घालून रचावे. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष हा जुना अंदाज आजही चालतो. खात्री हवी असेल तर फळीच्या टोकापासून हातभर आतला लहान तुकडा कापून वजन करावे, १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत ठेवावा आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणावे. आलेला आकडा ओलाव्याची टक्केवारी सांगतो. वाळलेले लाकूडही ज्या घरात वस्तू राहणार तेथे दोन आठवडे ठेवून मगच कापावे.

हत्यारे : करवत, लोखंडी रंधा, ६, १२ आणि १८ मिमीच्या पटाश्या, गुण्या (काटकोन तपासायचे हत्यार), लाकडी हातोडा, कानस, हाताचे ड्रिल आणि चार शिकंजे (काम आवळून धरणारे क्लॅम्प) एवढ्यावर पुढची सगळी कामे होतात. पटाशीचा उतार २५ अंशांचा आणि टोकाची बारीक धार ३० अंशांची ठेवावी. नखावर धरली की न घसरता अडकते ती धार कामाची. बोथट पटाशीला जास्त जोर लागतो, ती सटकते आणि हात कापतो. सुतारकामातल्या जखमांपैकी बऱ्याचशा धार नसलेल्या हत्याराने होतात.

पाट : पाट दिसायला सोपा, पण लाकडाची हालचाल शिकायला याहून चांगली वस्तू नाही. साहित्य: २४ इंच लांब, ८ इंच रुंद, १ इंच जाड अशा दोन सागवानी फळ्या, खाली आडव्या लावायला १५ इंच लांब, २ इंच रुंद, दीड इंच जाड असे दोन पाय, ४० मिमी लांबीचे सहा स्क्रू, वायसर आणि पाण्यात टिकणारा डिंक.

दोन्ही फळ्यांच्या जोडायच्या कडा एकत्र रंधाव्यात. त्यासाठी फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या समोरासमोर आणून शिकंज्यात उभ्या धरायच्या. रंधा थोडा कलला तरी एका कडेचा कल दुसऱ्या कडेच्या उलट येतो आणि उघडल्यावर पाट सपाट बसतो. कडा एकमेकींवर ठेवून उजेडासमोर पाहाव्यात. दोन्ही टोके टेकलेली आणि मध्ये कागदाइतकी फट असेल तर उत्तम. शिकंजा ती मिटवतो आणि टोके पुढे उन्हाळ्यात उघडत नाहीत. मध्ये उंचवटा राहिला तर पहिल्या मे महिन्यातच टोकाकडून चीर जाते. सागवान तेलकट असल्याने डिंक लावण्याच्या दहा मिनिटे आधी कडा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावी. शिकंजे रात्रभर ठेवावेत.

पाय लावताना बहुतेक जण चुकतात. पाय फळीला आडवा असतो आणि त्याची लांबी बदलत नाही. फळीची रुंदी मात्र बदलते. पूर्ण लांबीभर डिंक लावून किंवा खिळे ठोकून पाय पक्का केला, तर आकसणाऱ्या फळीला जागाच राहत नाही आणि ती मधोमध चिरते. म्हणून प्रत्येक पायाला तीन स्क्रू लावावेत. मधले भोक गोल आणि नेमके. कडेची दोन भोके फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट, ५ मिमी रुंद आणि १० मिमी लांब. तिन्ही भोकांवर १६ मिमी व्यासाचा, १२ मिमी खोल खड्डा, म्हणजे स्क्रूचे डोके वायसरसह आत बुडेल आणि कडेचे स्क्रू दोन्ही बाजूंना अडीच मिलिमीटर सरकू शकतील. डिंक फक्त मधल्या दोन इंचांत. कडेचे स्क्रू पूर्ण आवळून पाव फेरा सैल करावेत.

रंधताना लाकडाच्या रेषा ज्या दिशेने वर चढतात त्याच दिशेने रंधा चालवावा. उलट गेल्यास तंतू उपटून पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तो पॉलिश पेपरने लवकर भरून येत नाही. पाटावर पाणी सांडते, गरम भांडेही ठेवले जाते, त्यामुळे स्पिरिटमधल्या चपड्या लाखेचे पॉलिश येथे नको. त्यावर पांढरे डाग पडतात. उकळलेले जवसाचे तेल फडक्याने पातळ लावून १५ मिनिटांनी पुसावे, दिवसाआड तीन हात द्यावेत. तेलाचे फडके चुरगाळून ठेवू नये. ते आपोआप तापून पेट घेते. पाण्यात भिजवून किंवा उघड्यावर पसरून वाळवावे.

चौरंग व कपाट : चौरंगाच्या पायांत आडव्या पट्ट्या बसवायला खोबण (पायात कोरलेले चौकोनी भोक) व कुसू (त्यात बसणारे पट्टीचे तासलेले टोक) यांचा सांधा लागतो. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवावी. आधी खोबण कोरावी आणि कुसू तिच्या मापाने तासावे. बोटाच्या जोराने अर्धे आणि हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांनी पूर्ण बसेल इतकेच घट्ट. डिंक सुकण्याआधी दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना ते पाहावे. वरची फळी येथेही सरकती हवी. कपाटासाठी प्लायवूड सोपे पडते, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते जवळजवळ हलत नाही. स्वयंपाकघरात व सिंकखाली आयएस ७१० चे (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचे भारतीय मानक), इतरत्र आयएस ३०३ चे (सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे मानक) घ्यावे.

वाद्ये : सुरुवात चिपळ्यांपासून करावी. शिसव किंवा खैराचे ६ इंच लांब, पावणेदोन इंच रुंद, १ इंच जाड दोन तुकडे घेऊन प्रत्येकात लांबीच्या दिशेने दोन खाचा कोराव्यात. दीड मिमी जाडीच्या पितळी झांजांची एक जोडी बसायची असेल तर खाच ६ मिमी हवी. झांजा ज्यात ओवायच्या तो खिळा २ मिमी आणि झांजेचे भोक साडेतीन ते चार मिमी. याहून तंग ठेवले की नाद कोंडतो आणि नुसता टकटक आवाज उरतो. शिसवाची धूळ नाकाला व त्वचेला त्रास देते, मास्क लावावा.

एकतारीला १८ ते २० सेंमी व्यासाचा पूर्ण वाळलेला दुधी भोपळा, ९० सेंमी लांब दांडी, ३ मिमी प्लायवूडची किंवा कातड्याची झाकण, लाकडी घोडी (झाकणावर तार पेलणारा आधार) आणि खुंटी लागते. दांडी भोपळ्यातून आरपार जावी आणि तारेचे खालचे टोक दांडीलाच बांधावे. घोडी ते मेरू (खुंटीजवळचा तारेचा वरचा टेकू) ६५ सेंमी अंतर ठेवून ०.३० मिमी पोलादी तार पेटीच्या काळी एकला, म्हणजे २७७ हर्ट्झला लावली, की तारेवर साधारण ७ किलो ताण येतो. तो दांडीने पेलायचा असतो. भोपळ्याच्या कडेला तार बांधली तर कड तडकते.

खुंटी घसरणे ही सर्वांत मोठी तक्रार. खुंटीचे भोक कोरताना गोल असते, पण दांडी लाकडाची असेल तर लाकूड एका दिशेत दुप्पट आकसल्याने वर्षभरात ते लंबगोल होते, आणि खुंटी केवळ दोन ठिकाणी टेकते. कच्च्या लाकडाची खुंटी असेल तर तीही लंबगोल होते. उपाय असा: दांडी व खुंटी दोन्हींना पुरेसे वाळलेले लाकूड वापरावे, खुंटीला सावकाश निमुळता उतार द्यावा, ती भोकात फिरवून चमक आलेली जागा तेवढीच कानशीने घासावी, आणि पूर्ण गोलाई टेकली की खडू लावावा. साबण किंवा तेल लावू नये. पावसाळ्यात खुंटी अडकली तर जोराने पिळू नये, मागून हलका ठोका द्यावा.

तंबोरा किंवा सतार घरच्या आवाक्यात येत नाही. मिरजेत ही वाद्ये एकोणिसाव्या शतकापासून बनतात. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा मंगळवेढा-पंढरपूर परिसरातून येतो आणि तबली (भोपळ्यावरचे लाकडी झाकण) व दांडीसाठी तुणीचे हलके लाकूड वापरले जाते. तेथेही भोपळा व लाकूड वाळवण्याला जाणारा वेळ कापता येत नाही. जवारी लावणे, म्हणजे तारेला गुंजन यावे म्हणून घोडीचा पृष्ठभाग घासून जमवणे, हे त्यातले वेगळेच कसब आहे. घोडीच्या पृष्ठावर केसभर जास्त घासले गेले तरी सूर बिघडतो. घरगुती कारागिराने एकतारी नीट लागेपर्यंत तंबोऱ्याला हात घालू नये.