पांढऱ्या पेशी 2,800 : घाबरायचं का?

पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला, की रिपोर्ट हातात पडताच पहिला प्रश्न ठरलेला: ‘प्लेटलेट्स किती?’ वरच्या ओळीत पांढऱ्या पेशी 2,800 असं ठळक छापलेलं असतं, ते रात्री दिसतं आणि झोप उडते.

मोठ्या माणसात एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारण 4,000 ते 11,000 असतात. डेंग्यूत त्या उतरतात, बरेचदा प्लेटलेट्सच्याही आधी. विषाणूमुळे रक्तपेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेचं काम काही दिवस मंदावतं. माणूस बरा होऊ लागला की आकडा आपोआप चढतो. टायफॉइडमध्ये किंवा बी-12 कमी पडलं तरीही तो घसरू शकतो.

खरं तर बघायची ती खालची ओळ: न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, किती टक्के. 2,800 पैकी 45 टक्के म्हणजे 1,260. दीड हजाराच्या खाली गेले की कमी म्हणायचे. खरा धोका 500च्या खाली. केमोथेरपीनंतर एकूण पेशी 800 आणि न्यूट्रोफिल 30 टक्के असतील तर हातात उरतात फक्त 240.

न्यूट्रोफिल रक्तात काही तासच फिरतो, म्हणून मज्जेला रोज सुमारे दहा हजार कोटी नवे घडवावे लागतात. केमोचं औषध या कारखान्यावरच घाव घालतं. बहुतेक औषधांत आकडा 7 ते 14 दिवसांनी तळाला जातो. गंमत म्हणजे जखमेतला पू हा मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिलांचाच. तेच नसतील तर पू नाही, सूजही फारशी नाही; जंतू आत शिरल्याची खूण म्हणजे नुसता ताप. म्हणून केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेणाऱ्याचा घसा अचानक दुखून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. या औषधाने पेशी कोसळणं क्वचित घडतं, पण घडतं तेव्हा न्यूट्रोफिल जवळजवळ शून्यावर येतात.

उलट काही धडधाकट माणसांचा आकडा मुळातच कमी असतो. आफ्रिकी वंशाच्या अनेकांत तर त्यामागे एक जनुकीय कारण सापडलंय, आणि त्यांना त्याचा काही त्रास नसतो. डॉक्टर दोन-तीन वर्षांपूर्वीचे रिपोर्ट मागतात ते यासाठीच: तेव्हाही पांढऱ्या पेशी 2,800च होत्या का?