शिकागोला फोन चालेल, साताऱ्याला नाही: इंटरनेट टेलिफोनीच्या नियमांची पार्श्वभूमी

इंटरनेटवरून कॉल करू देणाऱ्या ॲप्सना टेलिफोन कंपन्यांचेच नियम लावावेत का, हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी वर येतो आणि दर वेळी अगदी नवा असल्यासारखा चघळला जातो. खरं तर त्यातले बहुतेक मुद्दे २००२ सालीच मांडून झाले आहेत. त्या वर्षी १ एप्रिलला लागू झालेला एक नियम नीट पाहिला तर पुढची वीस वर्षं आपोआप उलगडतात. म्हणून इथे बाकीचा इतिहास भरभर आणि तो नियम सावकाश.

आधीचं थोडक्यात. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा हक्क सरकारकडे ठेवला, आणि खासगी कंपन्या जे काही करतात ते सरकारने दिलेल्या परवान्यावर. १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळू लागलं तेव्हा ते देणारी सरकारी कंपनी आणि देशाबाहेरचे सगळे कॉल नेणारी कंपनी एकच होती. आयएसडीचा, म्हणजे परदेशी कॉलचा, दर मिनिटाला पन्नास रुपयांच्या आगेमागे असताना तिने आपल्याच तारेवरून फुकट बोलू द्यावं, ही अपेक्षा जरा जास्तच होती. आवाजाचं सॉफ्टवेअर देणाऱ्या काही वेबसाइट तिने बंद केल्या. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट पुरवायची मुभा मिळाली, तीही जवळपास फुकट. परवाना शुल्क पहिली पाच वर्षं माफ आणि नंतर वर्षाला १ रुपया. अट एकच, आवाज न्यायचा नाही. १९९९ च्या दूरसंचार धोरणानेही तेच म्हटलं: सध्या इंटरनेट टेलिफोनीला परवानगी नाही, योग्य वेळी फेरविचार करू.

ती योग्य वेळ तीन वर्षांनी आली. आली कशी, हे तारखाच सांगतात. फेब्रुवारी २००२ मध्ये सरकारने त्या परदेशी कॉलवाल्या कंपनीतला मोठा हिस्सा आणि कारभार एका खासगी उद्योगसमूहाला विकला. १ एप्रिलला तिची परदेशी कॉलवरची मक्तेदारी संपली, मूळ ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी. त्याच १ एप्रिलला इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. तंत्र तर तीन वर्षांपूर्वीही चालत होतं. बदललं ते एवढंच, की परदेशी मिनिटांची राखण करण्यात सरकारला आता पूर्वीइतका रस उरला नव्हता.

देशातल्या मिनिटांचं मात्र तसं नव्हतं. नियमाने तीन गोष्टींना परवानगी दिली. एक, संगणकावरून संगणकावर बोलणं, दुसरा संगणक देशात असो की बाहेर. दोन, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनवर बोलणं. तीन, एच.३२३ किंवा एसआयपी या, इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या ठरावीक तांत्रिक पद्धतीने चालणारं उपकरण थेट इंटरनेटला जोडून तशाच दुसऱ्या उपकरणाशी बोलणं. भारतातल्या साध्या फोनचं नाव या यादीत कुठेच नव्हतं. उलट सक्त मनाई होती: टेलिफोनच्या नेहमीच्या क्रमांकयोजनेतला नंबर ग्राहकाला द्यायचा नाही, त्या नंबराचं इंटरनेट पत्त्यात रूपांतर करायचं नाही, आणि आपलं जाळं देशातल्या टेलिफोनच्या जाळ्याला कुठेही जोडायचं नाही.

त्या काळी पुण्या-मुंबईतल्या सायबर कॅफेंत हे रोज दिसायचं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेले आईवडील इंटरनेट कॉलचं कार्ड खरवडून पिन काढून घेत, कॅफेतला पोरगा तो टाकून देई, एकच हेडफोन दोघांत आळीपाळीने फिरे. आवाज अर्धा सेकंद मागे राहायचा, त्यामुळे दोन्हीकडचे एकदम बोलायचे आणि एकदमच गप्प व्हायचे. पण शिकागोतल्या घरातला फोन वाजायचा, आणि बिल आयएसडी बूथच्या मानाने किरकोळ. त्याच खुर्चीत बसून, त्याच कार्डावर साताऱ्याच्या मावशीचा नंबर लावणं मात्र बेकायदा होतं. त्यासाठी उठून शेजारच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी, म्हणजे परगावी फोन लावायच्या, बूथमध्ये जायचं. शिकागोहून कोणी संगणकावरून साताऱ्याला फोन लावला, तर तो कॉलही परवानाधारक परदेशी-कॉल कंपनीमार्फतच यायला हवा होता.

या विचित्र रेषेचं समर्थन करणारे सगळेच स्वार्थी नव्हते, हे मान्य करायला हवं. देशभर मोबाइल सेवा देण्यासाठी कंपन्यांनी सुमारे १,६५० कोटींच्या घरात प्रवेश शुल्क मोजलं होतं. उत्पन्नातला वाटाही त्या दर वर्षी सरकारला देत होत्या. गावोगावची लँडलाइन तोट्यात चालायची आणि ती खोट एसटीडी-आयएसडीच्या चढ्या दरांतून भरून निघायची. वर्षाला १ रुपया भरणाऱ्याने येऊन तेच मिनिट विकावं, ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. पण त्यावर दोन उपाय होते: इंटरनेटवाल्याकडूनही वाटा घ्या, किंवा त्याला दारातच अडवा. सरकारने गंमत अशी केली की दोन्ही केलं. १ जानेवारी २००६ पासून इंटरनेट टेलिफोनीच्या उत्पन्नावर ६ टक्के शुल्क लागलं, आणि देशातला फोन मात्र बंदच राहिला.

खोट भरून काढण्याची रीतसर सोय २००३ मध्ये झाली होती. ॲक्सेस डेफिसिट चार्ज नावाचा अधिभार कॉलवर बसला आणि ती रक्कम मुख्यतः सरकारी लँडलाइन कंपनीकडे वळवली गेली. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मिनिटावर तो २००५ मध्ये ३ रुपये २५ पैसे होता, २००६ मध्ये १ रुपया ६० पैसे, २००७ मध्ये १ रुपया. वैध मार्गाने कॉल आणला की एवढे पैसे जाणार, हे ठरलेलं. तेव्हा दुसरा मार्ग निघालाच. परदेशातला कॉल डेटा म्हणून इंटरनेटवरून आणायचा आणि इथे एका खोलीत पन्नास-शंभर सिमकार्डं लावलेल्या पेटीतून तो साध्या लोकल कॉलसारखा सोडायचा. आखातातून भाऊ बोलतोय आणि मोबाइलवर नंबर दिसतोय भलताच, दहा आकडी, इथलाच: हा अनुभव कोकणातल्या कित्येक घरांना आहे. भिवंडी, लातूर अशा ठिकाणी पडलेल्या छाप्यांच्या बातम्यांत ज्याला ‘बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज’ म्हणतात ते हेच. अधिभार २००८ मध्ये संपला, तरी परदेशातून आलेला कॉल इथल्या फोनवर पोचवण्याचा दर देशातल्या कॉलपेक्षा जास्तच राहिला, त्यामुळे या पेट्यांचा धंदाही टिकला. कॉल खरा कुठून आला हेच कळेना, आणि सुरक्षेचा मुद्दा या वादात कायमचा शिरला तो याच वाटेने.

२००५ च्या अखेरीस टेलिफोन कंपन्यांना मात्र पूर्ण इंटरनेट टेलिफोनीची मुभा मिळाली, देशातल्या फोनसकट. ज्यांना अडवलं होतं त्यांना ती हवी होती. ज्यांना दिली त्यांना नको होती, कारण स्वतःच्याच महाग मिनिटाला स्वस्त मिनिटाने कोण मारील? परवानगी वर्षानुवर्षं कागदावर पडून राहिली. ऑगस्ट २००८ मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) स्पष्ट शिफारस केली की इंटरनेट कंपन्यांनाही देशातल्या फोनशी जोडू द्या. सरकारने ती अमलात आणली नाही. माझ्या मते या सगळ्या प्रवासात हातची गेलेली संधी ती हीच. तेव्हा दार उघडलं असतं, तर इथल्या लहानमोठ्या इंटरनेट कंपन्यांना नंबर मिळाले असते, नियम मिळाले असते, आणि नंतर जे झालं त्यात त्यांचाही काही वाटा असता.

नंतर जे झालं ते सगळ्यांच्या हातात आहे. स्मार्टफोन आला, ॲप आलं, आणि टेलिफोनच्या जाळ्याला जोडण्याची गरजच संपली. समोरच्याकडेही तेच ॲप असलं की २००२ च्या नियमातलं पहिलंच कलम पुरतं. डिसेंबर २०१४ मध्ये एका बड्या मोबाइल कंपनीने इंटरनेट कॉलसाठी वेगळं पॅक जाहीर केलं, ७५ रुपयांत ७५ एमबी. ओरड झाली आणि ते मागे घ्यावं लागलं. ॲप्सना नियम लावावेत का, या मार्च २०१५ च्या चर्चापत्रावर नियामकाकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. त्या वेळच्या सरकारी समितीने सुचवलं काय, तर ॲपवरून होणाऱ्या परदेशी कॉलकडे उदारपणे पाहावं, देशातल्या कॉलला मात्र परवान्याची चौकट लावावी. तेरा वर्षांत सायबर कॅफे गेले, बूथ गेले, रेषा तिथेच.

२०१८ च्या जूनमध्ये परवान्यांत दुरुस्ती होऊन ॲपवर रीतसर दहा आकडी नंबर देणं एकदाचं मार्गी लागलं, आणि सरकारी लँडलाइन कंपनीने (बीएसएनएल) तशी सेवा काढलीही. तोवर तिची वाट पाहणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. सप्टेंबर २०२० मध्ये नियामकाने ॲप्सना वेगळ्या नियमांची सध्या गरज नाही असं म्हटलं. दोन वर्षांनी आलेल्या विधेयकाच्या मसुद्यात ती ॲप्स नावानिशी होती. डिसेंबर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ते शब्द गाळले गेले, पण ‘संदेश’ आणि ‘दूरसंचार’ यांच्या व्याख्या एवढ्या ऐसपैस ठेवल्या की ॲप्स आत की बाहेर, यावर वकिलांची मतं आजही दुभंगलेली आहेत.

ताजं वळण २८ नोव्हेंबर २०२५ च्या सरकारी निर्देशाचं. ज्या नंबरावर ॲप नोंदवलं ते सिम फोनमध्ये सतत असायलाच हवं, आणि त्या ॲपची संगणकावरची जोडणी सहा तासांच्या आत आपोआप तुटायला हवी. कारण दिलंय परदेशातून चालणाऱ्या ऑनलाइन फसवणुकीचं, आणि ते खोटं नाही. पण याचा पहिला चटका बसतो तो परदेशी जाऊन तिथलं सिम घातलेल्या, आणि भारतातल्या जुन्या नंबरावरच घरच्यांशी बोलणाऱ्या माणसाला.