आडनावाच्या रकान्यात अडकलेला राजा: ग्रीसच्या माजी राजघराण्याला नागरिकत्व कसे मिळाले? पात्रता, अटी आणि कागदपत्रे

डिसेंबर 2024 मध्ये ग्रीसच्या माजी राजघराण्यातल्या दहा जणांना ग्रीक नागरिकत्व परत मिळाले. दिवंगत राजे कॉन्स्टंटाइन दुसरे यांची मुले आणि नातवंडे त्यात आहेत. ही कुणी केलेली खास मेहेरबानी नव्हती. त्यासाठीचा कायदा 1994 पासून होताच. फक्त त्यातल्या अटी पुऱ्या करायला घराण्याने तीस वर्षे घेतली.

मुळात नागरिकत्व गेले कसे?

एप्रिल 1967 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. डिसेंबरमध्ये राजाने उलट उठावाचा प्रयत्न केला, तो फसला आणि कुटुंब रोमला निघून गेले. लष्करी राजवट कोसळल्यावर 8 डिसेंबर 1974 रोजी सार्वमत झाले. सुमारे 69 टक्के मते प्रजासत्ताकाच्या बाजूने पडली. राजेपद तिथेच संपले, पासपोर्ट मात्र चालू होता. तो गेला 1994 मध्ये. आंद्रेआस पापांद्रेऊ यांच्या सरकारने कायदा क्र. 2215 आणला, तातोई, मोन रेपो आणि पोलिदेंद्री या मालमत्ता सरकारजमा केल्या आणि नागरिकत्वाला अटी घातल्या.

पात्रता

माजी राजे आणि त्यांचे कुटुंबीय. सर्वसामान्य परदेशी माणूस ग्रीक नागरिकत्वासाठी जी वाट धरतो, ती ही नव्हे. हा कायदा एकाच घराण्यासाठी लिहिलेला आहे.

काय काय द्यावे लागते?

पहिली गोष्ट म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यापुढे केलेले निवेदन: 1975 च्या राज्यघटनेचा मी विनाअट आदर करतो आणि प्रजासत्ताक मला मान्य आहे. त्याला जोडून दुसरे: पूर्वी भूषवलेल्या पदावरून किंवा किताबावरून येणारा कुठलाही हक्क मी सोडतो. या दोन सह्या जड वाटतील, पण सगळे अडले ते तिसऱ्या अटीवर. नागरी नोंदवहीत नाव आणि आडनाव लिहिले पाहिजे.

आपल्याकडे कुठलाही सरकारी फॉर्म ‘आडनाव’ या रकान्यापासून सुरू होतो, त्यामुळे यात अडण्यासारखे काय, असे वाटेल. पण हे घराणे मूळचे डेन्मार्कच्या राजवंशातले, ग्ल्युक्सबुर्ग शाखेचे. राजवंशाचे नाव आणि आडनाव या वेगळ्या गोष्टी, आम्हाला आडनावच नाही, ही कॉन्स्टंटाइन यांची भूमिका. विरोधक त्यांना मुद्दाम ‘ग्ल्युक्सबुर्ग’ म्हणत, म्हणजे तुम्ही इथले नव्हेच असे सुचवत. साहजिकच ते नाव ते लावणार नव्हते. डॅनिश पासपोर्टवर ते प्रवास करत राहिले. 2013 मध्ये ग्रीसला राहायलाही आले, पण नागरिक म्हणून नाही. जानेवारी 2023 मध्ये त्यांचे निधन झाले. तातोईला दफन झाले तेही सरकारी इतमामाशिवाय.

मग 2024 मध्ये काय बदलले?

कायदा तोच होता, रकाना भरला गेला. मुलांनी प्रजासत्ताक मान्य असल्याचे लिहून दिले आणि आडनाव निवडले ‘द ग्रेस’. फ्रेंचमध्ये याचा अर्थ ‘ग्रीसचे’. आपल्या भाषेत सांगायचे तर पुणेकर, सातारकर यांच्या धर्तीवर थेट ‘ग्रीसकर’! डाव्या पक्षांनी यावरच बोट ठेवले: किताब सोडला म्हणता आणि तोच आडनावात घालून परत आणता? मला हा आक्षेप अगदीच पोकळ वाटत नाही. पण कायद्याने आडनाव मागितले होते, कुठले हवे ते सांगितले नव्हते. अंतर्गत व्यवहार मंत्रालयाने अर्ज मंजूर केले.

नागरिकत्वाबरोबर काय मिळत नाही?

किताब मिळत नाही. घटनेच्या कलम 4 नुसार ग्रीक नागरिकाला सरदारकीचे किताब दिलेही जात नाहीत आणि मान्यही होत नाहीत. तेव्हा कॉन्स्टंटाइन यांचे थोरले पुत्र ‘युवराज पावलोस’ हे कागदोपत्री नुसते पावलोस द ग्रेस.

मालमत्ताही नाही. तो हिशेब स्ट्रासबूरच्या मानवी हक्क न्यायालयात आधीच मिटला आहे. भरपाई न देता मालमत्ता घेणे चुकीचे, असा निकाल 2000 साली लागला. 2002 मध्ये भरपाई ठरली: कॉन्स्टंटाइन यांना 1 कोटी 20 लाख युरो, बहीण आयरीन यांना 9 लाख, आत्या कॅथरीन यांना 3 लाख. मागणी याच्या कितीतरी पट होती. जमिनी आणि वाडे सरकारकडेच राहिले.

इतर देशांत

ऑस्ट्रियाचा 1919 चा हॅब्सबर्ग कायदा याच जातीचा: घराण्याचे सदस्यत्व आणि हक्क सोडल्याचे लिहून द्या, मगच देशात या. शेवटच्या सम्राटाचे पुत्र ओटो यांनी 1961 मध्ये तसे लिहून दिले. 1963 मध्ये प्रशासकीय न्यायालयाने ते ग्राह्य धरले, तरी राजकीय वादामुळे देशात पाऊल ठेवायला 1966 उजाडले. इटलीत मात्र अर्जाने भागण्यासारखे नव्हते. माजी राजे आणि त्यांच्या पुरुष वंशजांना बंदी खुद्द राज्यघटनेत होती, म्हणून 2002 मध्ये घटनादुरुस्ती करावी लागली. त्याच डिसेंबरात शेवटच्या राजाचे पुत्र व्हित्तोरिओ एमानुएले इटलीत उतरले. देश सोडला तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.