मानेवरचे काळे डाग म्हणजे विष नव्हे

'मानेला कप लावल्यावर डाग जितका काळा, तितकं विष बाहेर पडलं', असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. कपिंग, म्हणजे दुखऱ्या जागी असे कप लावणं, ही चीनमधली जुनी रीत. आपल्याकडे वैदू तुंबडी लावायचे, तिच्याच जवळची.

काचेच्या कपात पेटता बोळा फिरवून काढतात आणि कप लगेच पाठीवर टेकवतात. आतली गरम हवा थंड होऊन आकसते, त्वचा फुग्यासारखी वर ओढली जाते. त्या ओढीने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथेच साकळतं. मुका मार लागल्यावर येतो तोच हा डाग. कोरड्या कपिंगमध्ये त्वचेला चीरही नसते, मग बाहेर पडणार काय?

पडताळा सोपा आहे. न दुखणाऱ्या मांडीवर कप लावला तरी डाग उठतो, आणि जास्त वेळ ठेवला तर तो आणखी गडद होतो. पुढे आठ-दहा दिवसांत जांभळ्याचा हिरवट, मग पिवळा होत तो जिरतो. जिरतो म्हणजे ते रक्त शरीरातच परत शोषलं जातं.

कपिंगनंतर मान मोकळी वाटते, ते खोटं नाही. पण तो आराम बहुधा थोड्या दिवसांचा. जुन्या दुखण्यात मला व्यायामाचा भरवसा जास्त वाटतो: ताई-ची हा संथ चिनी व्यायाम किंवा तसाच बादुआनजिन, त्याच्या आठ संथ हालचाली, नेमाने. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र कप लावून घेऊ नका. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.