खताची गोणी, आतली पिशवी आणि न मिसळणारे प्लास्टिक

सांगली-साताऱ्याकडच्या शेतीच्या भंगारात पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि पीई (पॉलिथिलीन) एकत्रच येतात. खताची विणलेली गोणी बहुतेकदा पीपीची, तिच्या आतली पिशवी एलडीपीईची, ठिबकची नळी एलएलडीपीईची; दोन्ही पीईचेच प्रकार. हे न निवडता दळून दाणा केला, तर त्याचा माल दिसायला बरा असतो. वाकवला की पापुद्रे सुटतात.

दोन्ही एकजीव का होत नाहीत, याचे उत्तर १९४१-४२ मध्ये फ्लोरी आणि हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांतात आहे. लहान रेणू मिसळले की अव्यवस्था वाढते आणि त्या जोरावर मिश्रण टिकते. प्लास्टिकच्या हजारो कड्यांच्या साखळ्यांना हा जोर जवळजवळ मिळतच नाही, त्यामुळे वेगळे व्हायला दोघांतला किरकोळ दुरावाही पुरतो. पीपी आणि पीई दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनचे, तरी वेगळे राहतात. पीपीओ (पॉलिफिनिलीन ऑक्साइड) आणि पॉलिस्टायरीन खरोखर एकजीव होतात, १९६० च्या दशकातले नॉरिल हे प्लास्टिक त्यातूनच आले. पण तो अपवाद.

मिसळत नसेल तर एका प्लास्टिकचे दुसऱ्यातले थेंब बारीक करायचे आणि दोघांच्या सीमेवर टाका घालायचा, म्हणजे दोघांना धरणारा रेणू बसवायचा, ही पुढची वाट. थेंब फुटण्याचे गणित जी. आय. टेलर यांनी १९३२-३४ मध्येच केले होते. थेंबाची विस्कॉसिटी (दाटपणा) भोवतालच्या मेल्टच्या, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकच्या, चौपटीहून जास्त असेल, तर नुसत्या शिअरने, म्हणजे थर एकमेकांवर सरकण्याच्या ओढीने, तो फुटत नाही. एक्स्ट्रूडरच्या (प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या यंत्राच्या) स्क्रूचा वेग वाढवून उपयोग नाही. आणि टाका नसेल तर फुटलेले थेंब डायपर्यंत, म्हणजे यंत्राच्या तोंडापर्यंत, पुन्हा एक होतात.

१९७० च्या दशकात ड्यूपाँटच्या सुपर टफ नायलॉनने टाका एक्स्ट्रूडरमध्येच घालून दाखवला. मॅलिक अनहायड्राइड (थोडक्यात 'मॅलिक', एक रसायन) जोडलेले रबर नायलॉनच्या साखळीच्या अमाइन (नायट्रोजन असलेल्या) टोकाशी वितळलेल्या अवस्थेत अभिक्रिया करते, म्हणजे सांधणारा रेणू सीमेवरच तयार होतो. खाद्यतेलाच्या बहुस्तरीय पिशवीत पीईसोबत नायलॉन असते. तिथे मॅलिक जोडलेले पीई ३ ते ५ टक्के घालावे, २२०-२४० अंशांवर. नायलॉनचा माल आधी ८० अंशांवर चार तास सुकवावा, नाहीतर दाण्यात बुडबुडे येतात. पावसाळ्यात उघडी राहिलेली मॅलिक जोडलेल्या पीईची गोणी हवेतले पाणी ओढते आणि तिची पकड मंदावते.

गैरसमज इथेच होतो. 'मॅलिक टाका, सगळे जुळते' म्हणतात, पण पीपी-पीईच्या दाण्यात अमाइन नाहीच. अनहायड्राइड धरणार कशाला? आणि पेरॉक्साइड (साखळ्यांवर अभिक्रिया घडवणारे रसायन) घालून पाहणारेही असतात. त्याने पीपीच्या साखळ्या तुटून ते पातळ होते, पीईच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन ते घट्ट होते. दोघांतली विस्कॉसिटीची दरी उलट रुंदावते.

पीपी-पीईच्या जोडीला दोन्हीकडचे तुकडे असलेली साखळीच हवी. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांच्या गटाने पीई-पीपीचे एकाआड एक चार तुकडे असलेल्या साखळ्या अवघ्या १ टक्क्याने मिश्रण चिवट करतात, हे दाखवले. बाजारात हाताशी आहे ते इथिलीन-ऑक्टीन इलॅस्टोमर (रबरासारखे प्लास्टिक) किंवा डाऊ कंपनीने २००६ मध्ये आणलेला ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर (वेगवेगळ्या तुकड्यांची साखळी). तो ५ ते १० टक्के लागतो. पापुद्रे थांबतात, पण कडकपणा घटतो. बादलीला चालेल, एकावर एक रचायच्या क्रेटला लावण्याआधी नमुना वजनाखाली रात्रभर ठेवून बघावा, तळ खाली झुकतो.