सीट कव्हर शिवणाऱ्या बायका आणि "समान काम" नावाची पळवाट

समान कामाला समान पगार असा कायदा बऱ्याच देशांत आहे, मग बायका-पुरुषांच्या पगारात फरक उरतो कसा? सगळी गोम त्या "समान काम" या शब्दांत आहे, कारण बायकांची कामं आधीच वेगळी काढून ठेवली की तुलना करायला पुरुष सापडतच नाही.

कारखाने आले तसं घरातलं काम आणि पगाराचं काम यांची फारकत झाली आणि घर पुरुष चालवतो, बाई वरखर्चापुरतं कमावते हा हिशोब रुळला. युनियनवालेही काही धुतल्या तांदळासारखे नव्हते, बायका स्वस्तात राबतील आणि आपले रेट पडतील या भीतीने कित्येक ठिकाणी त्यांनी बायकांनाच दाराबाहेर ठेवलं. ब्रिटनच्या सरकारी नोकरीत तर लग्न केलं की राजीनामा, हा नियम १९४६ पर्यंत होता, आयर्लंडमध्ये १९७३ पर्यंत. अर्थतज्ज्ञ एजवर्थने १९२२ मध्येच लिहिलं होतं की बायकांना मोजक्याच कामांत कोंबलं तर तिथे गर्दी होणार आणि मजुरी पडणार.

आणि कुठलं काम कुणाचं हेही काही कायमचं नसतं. कारकुनी आधी पुरुषांची होती, टाइपरायटर आल्यावर बायकांकडे गेली आणि तिची पत उतरली. कॉम्प्युटरचं उलटं झालं, १९४६ च्या एनिॲक या सुरुवातीच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग सहा बायकांनी केलं तेव्हा ते दुय्यम काम समजायचे, नंतर पुरुष आले आणि तेच काम भारी झालं!

आता ब्रिटनमधला, फोर्ड मोटार कंपनीचा डॅगनहॅमचा कारखाना, जून १९६८. सीट कव्हर शिवणाऱ्या १८७ बायका संपावर गेल्या. नोकरीला घेताना मशीनवर टेस्ट घ्यायची आणि ग्रेड द्यायची कमी कौशल्याची बी, वर त्या बी ग्रेडच्या पुरुषाच्या ८५ टक्केच पगार. सीटच नाहीत म्हटल्यावर गाड्यांचं उत्पादन ठप्प, मग मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या आणि तीन आठवड्यांनी ९२ टक्क्यांवर तडजोड झाली. ग्रेड मात्र बीच राहिली, म्हणजे मूळ भांडण जिथल्या तिथे.

या संपाच्या रेट्यातून १९७० चा समान वेतन कायदा आला, पण लागू झाला १९७५ च्या शेवटी, आणि मधल्या पाच वर्षांत काही मालकांनी बायका-पुरुषांची कामंच अशी वेगळी लावली की तुलनाच करता येऊ नये. खरं तर आयएलओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या, १९५१ च्या करारात "समान मूल्याचं काम" असे शब्द होते, म्हणजे काम वेगळं असलं तरी तोलता येतं. ब्रिटनच्या कायद्यात ती तरतूद धड आली ती थेट १९८४ मध्ये, तीही युरोपियन कोर्टाने कान उपटल्यावर. त्याच वर्षी डॅगनहॅमच्या शिवणवाल्या बायका परत संपावर गेल्या, या वेळी सहा आठवडे, आणि तेव्हा कुठे त्यांना वरची, जास्त कौशल्याची सी ग्रेड मिळाली.